पिन बसली, पण आवाज नाही: घरच्या डीजे लाइव्हला कंडेन्सर माइक कसा जोडायचा

रविवारी सकाळी साडेआठला भाच्याचा फोन. "मामा, नवीन माइक डेड आलाय. रिटर्न टाकू का?"

भाचा डोंबिवलीला राहतो. हळदी-साखरपुड्यांच्या ऑर्डरी घेतो आणि ज्या शनिवारी ऑर्डर नसेल त्या दिवशी घरूनच लाइव्ह वाजवतो. टेबलावर दोन चॅनेलचा डीजे कंट्रोलर, शेजारी लॅपटॉप, समोर वेबकॅम. गाण्यांच्या मधे चार शब्द बोलता यावेत म्हणून त्याने एक काळा-सोनेरी कंडेन्सर माइक मागवला. माइकच्या बुडाला तीन पिना, कंट्रोलरवर 'माइक' लिहिलेलं एक जाड भोक. दुकानात जाऊन त्याने एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ अशी केबल आणली. दोन्ही टोकं खट्टकन बसली. आवाज शून्य.

माइक मेला नव्हता. उपाशी होता.

आधी शब्द साफ करून घेऊ, कारण निम्मा घोळ शब्दांचाच असतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जिला 'कॅनन' म्हणतात ती तीन पिनांची गोल पिन, म्हणजेच एक्सएलआर. ती पहिल्यांदा काढणाऱ्या कंपनीचं नाव कॅनन, तेच आपल्याकडे चिकटलं. 'पी-३८' म्हणजे गिटारला लागते ती जाड, ६.३५ मिलिमीटरची पिन. 'ईपी' म्हणजे मोबाइलच्या हेडफोनची बारीक, ३.५ मिलिमीटरची. आणि 'आरसीए' म्हणजे जुन्या टीव्हीच्या मागे असायच्या त्या लाल-पांढऱ्या. काउंटरवर हे शब्द चालतात. ऑनलाइन मागवताना मात्र एक्सएलआर आणि मिलिमीटर लिहूनच शोधा.

आता ही भूक कसली ते पाहू. सभेत, ऑर्केस्ट्रात, कीर्तनात आपण जो माइक बघतो तो बहुतेक वेळा डायनॅमिक असतो. त्याच्या आत एक पडदा, पडद्याला तारेचं बारीक वेटोळं, आणि ते वेटोळं लोहचुंबकात. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. जुन्या सायकलच्या डायनॅमोसारखंच: चाक फिरलं की दिवा लागला, बॅटरी लागत नाही. शूरचा एसएम५८ हा या जातीतला सगळ्यात परिचित माइक, १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून तसाच विकला जातो.

कंडेन्सरमध्ये वेटोळं नाही, चुंबक नाही. काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, त्यावर धातूचा मुलामा, आणि त्याच्या मागे केसाएवढी फट सोडून एक घट्ट धातूची चकती. हे दोन मिळून एक कपॅसिटर झाला. कपॅसिटरचं जुनं नाव कंडेन्सर. पडदा हलला की फट कमी-जास्त होते, आणि पडद्यावर विद्युतभार असेल तर त्या हालचालीबरोबर व्होल्टेज हलतं. पडद्याला वेटोळ्याचं ओझं वाहायचं नसल्यामुळे तो बारीकसारीक आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. 'स' आणि 'श' मधला फरक, श्वास, ओठ सुटल्याचा आवाज, सगळं त्यात येतं. पण हा सिग्नल इतका नाजूक की वीतभर तारही त्याला गिळून टाकते. म्हणून माइकच्या पोटातच एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेलं असतं, ते या सिग्नलला तारेतून धावण्याइतकं बळ देतं. त्या सर्किटला वीज हवी. वीज नाही तर माइक म्हणजे नुसती जाळी.

१९१६ साली बेल कंपनीच्या परिवारातल्या ई. सी. वेंटे यांनी हा माइक बनवला तेव्हापासून ही अडचण आहे. पुढे कित्येक वर्षं अशा माइकसोबत वेगळी वीजपेटी आणि वेगळी जाड केबल न्यावी लागायची. त्यातून सुटका झाली ती १९६६ मध्ये, आणि तीही मजेशीर कारणाने. नॉर्वेच्या सरकारी रेडिओला, एनआरकेला, नॉयमन कंपनीकडून ट्रान्झिस्टरचे नवे माइक हवे होते, पण वेगळ्या वीजपेट्या नको होत्या. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच खेळवलेली होती. मग तीच माइकच्या केबलमधून द्यायचं ठरलं. आज डोंबिवलीतल्या टेबलावर जे '४८ व्ही' लिहिलेलं बटण दिसतं, त्याचं मूळ नॉर्वेतल्या त्या इमर्जन्सी दिव्यांत आहे.

याला फॅन्टम पॉवर म्हणतात. फॅन्टम म्हणजे भूत. असून न दिसणारी वीज. युक्ती अशी: कॅननच्या तीन पिनांपैकी २ आणि ३ नंबरच्या पिनांवर आवाज असतो आणि १ नंबर म्हणजे अर्थिंगची, जमिनीची तार. २ आणि ३ या दोन्हींवर सारखेच ४८ व्होल्ट चढवतात. दोघींवर सारखाच दाब, म्हणजे दोघींमधला फरक शून्य. आवाज मात्र त्या दोघींमधल्या फरकातच भरलेला असतो. त्यामुळे वीज माइककडे जाते, आवाज त्याच तारांमधून परत येतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. याच कारणाने नीट केबलने जोडलेल्या डायनॅमिक माइकलाही फॅन्टम चालू असल्याने काही होत नाही. जुन्या रिबन माइकच्या, म्हणजे पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असलेल्या माइकच्या बाबतीत मात्र जपून राहावं.

आता भाच्याची केबल पुन्हा बघा. पी-३८ मोनो पिनेला दोनच जागा: टोक आणि दांडा. तीन तारा दोन जागी बसवायच्या म्हणून केबलवाला ३ आणि १ नंबर एकत्र करून टाकतो. सारखा दाब वाहून न्यायला दोन तारा हव्यात, त्यातली एक अर्थिंगला बांधली गेली. म्हणजे रस्ताच बंद. आणि रस्ता असता तरी पलीकडे ४८ व्होल्ट नव्हतेच. घरगुती डीजे कंट्रोलरवरचं माइकचं भोक डायनॅमिक माइकसाठी असतं. पुस्तिकेत फॅन्टमचा उल्लेख नसेल तर तिथे फॅन्टम नाही असंच धरून चाला.

"पण मामा, मित्राचा बीएम-८०० तर लॅपटॉपला डायरेक्ट लावला तरी चालतो," भाचा म्हणाला. चालतो. बीएम-८०० हा स्वस्तातला कंडेन्सर माइक. त्याच्यात आणि त्याच्या असंख्य जुळ्या भावंडांमध्ये इलेक्ट्रेट जातीची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा पडदा-चकतीचा भाग असतो. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी या जातीचं तंत्र बसवलं: पडद्याजवळच्या पदार्थात विद्युतभार कायमचा मुरवून ठेवायचा. मग फक्त आतल्या छोट्या सर्किटापुरती वीज लागते, आणि लॅपटॉपच्या ईपी भोकातून येणाऱ्या दोन-चार व्होल्टवर ते कसंबसं भागतं. आवाज बारीक येतो, खरखर जास्त येते, पण येतो. तोच माइक डीजे कंट्रोलरला लावला की गप्प, कारण तिथे ते दोन-चार व्होल्टही नाहीत. आपल्या मोबाइलमधला माइकही याच घराण्यातल्या तंत्राने लहानाचा मोठा झाला, हे जाता जाता.

४८ व्होल्ट आणायचे कुठून

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे फॅन्टमची वेगळी डबी. भिंतीतल्या ॲडॉप्टरवर चालते. माइक तिच्यात कॅनन केबलने, आणि तिच्यातून पुढे भाच्याच्याच त्या कॅनन-ते-पी-३८ केबलने कंट्रोलरमध्ये. डबी आपल्या बाहेरच्या तोंडावर ४८ व्होल्ट अडवते आणि फक्त आवाज सोडते. हे चालतं. कंट्रोलरच्या मास्टरला, म्हणजे सगळा आवाज एकत्र बाहेर पडतो त्या तोंडाला जोडलेल्या स्पीकरमधून आवाज घुमतो. आणि लाइव्ह बघणाऱ्याला तरीही काही ऐकू येत नाही.

इथे पिना-केबलींचा विषय संपतो आणि खरा विषय सुरू होतो. माइकचा आवाज आणि गाण्याचा आवाज नेमके कुठे एकत्र येतात? ती जागा लाइव्हच्या वाटेवर आहे की बाजूला?

कंट्रोलर हा खरं तर रिमोट आणि साउंडकार्ड यांचा जोड आहे. गाणं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं, यूएसबीने कंट्रोलरमध्ये येतं, आणि मागच्या आरसीएतून स्पीकरला जातं. माइकचा आवाज बऱ्याच कंट्रोलरांत या शेवटच्या टप्प्यावर, मास्टरच्या उंबरठ्यावर मिसळतो. तो लॅपटॉपकडे परत जातच नाही. पायोनियर डीजेचा डीडीजे-४०० तसाच होता: माइक स्पीकरला ऐकू येणार, कॉम्प्युटरला नाही. त्याच्या जागी आलेल्या डीडीजे-एफएलएक्स४ मध्ये माइक यूएसबीवरून कॉम्प्युटरकडेही जातो, कारण तोवर घरून लाइव्ह करणं रोजचं झालं होतं. तेव्हा डबी विकत घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत एवढं एकच वाक्य शोधा: माइक यूएसबीला जातो का?

शिवाय विंडोजवर आणखी एक खोच आहे. डीजे सॉफ्टवेअर कंट्रोलरशी बहुधा एएसआयओ ड्रायव्हरने थेट बोलतं, विंडोजच्या नेहमीच्या आवाजाच्या रस्त्याने जात नाही. त्यामुळे ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'डेस्कटॉप ऑडिओ' लावून बसलात तर गाणं खोलीत दणाणत असतं आणि ओबीएसचा काटा ढिम्म. व्हर्च्युअल केबलची सॉफ्टवेअरं लावून यावर मार्ग काढता येतो. मी काढलाय. दर अपडेटनंतर नव्याने काढावा लागतो, म्हणून कुणाला सुचवत नाही.

मला पटणारी वाट अशी: कंट्रोलरच्या आरसीएतून बाहेर पडलेलं गाणं आणि माइक, दोन्ही एकाच बाहेरच्या पेटीत आणा, आणि ओबीएसला फक्त ती पेटी दाखवा. ही पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस किंवा यूएसबीवाला छोटा मिक्सर. ४८ व्होल्ट तिच्यातच असतात, डबीची गरज नाही.

पण पेटी घेताना भोकं मोजा. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ सगळीकडे दिसतो, चांगला आहे, आणि नावातच सांगतो: आत यायला दोन वाटा. गाण्याला डावा-उजवा धरून दोन वाटा लागतात, माइकला एक. झाल्या तीन. दोनमध्ये तीन बसत नाहीत, हे लोकांना पेटी घरी आल्यावर कळतं. त्याऐवजी चार वाटांची पेटी घ्या. ४आय४ मध्ये दोन माइकच्या आणि दोन लाइनच्या (म्हणजे कंट्रोलरसारख्या यंत्रातून येणाऱ्या, आधीच जोरकस आवाजाच्या) वाटा आहेत, बेरिंगरच्या यूएमसी४०४एचडीमध्ये चारही वाटांत माइक किंवा लाइन काहीही लागतं. घेण्याआधी विंडोजमध्ये १-२ आणि ३-४ अशा जोड्या वेगळ्या दिसतात का, तेही विचारून घ्या. ते ड्रायव्हरवर अवलंबून असतं.

नाहीतर यामाहाचा एजी०३ सारखा लाइव्हसाठीच बनवलेला छोटा मिक्सर. एक फॅन्टमवाला माइक, एक स्टिरिओ लाइन, आणि एक खटका. तो खटका 'इनपुट मिक्स'वर ठेवला की माइक आणि गाणं एकत्र होऊन एकाच यूएसबीने लॅपटॉपला जातात. 'लूपबॅक'वर ठेवला की लॅपटॉपमधून वाजणारा आवाजही त्यात मिसळतो. इथे एक तडजोड आहे: ओबीएसला तयार खिचडी मिळते, तांदूळ आणि डाळ नंतर वेगळी करता येत नाही. आवाजाचा तोल हाताने, बटण फिरवून सांभाळायचा. डीजेला हाताने तोल सांभाळायची सवय असतेच, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे दोन वाक्यं बोलणाऱ्याला मी हेच सुचवतो. सलग तासभर निवेदन करणारा असेल तर चार वाटांची पेटी.

यूएसबी कंडेन्सर माइक हा चौथा प्रकार. त्याला फॅन्टम नको, केबलमधल्या ५ व्होल्टवर तो चालतो, आणि आवाजाचं डिजिटल रूपांतर त्याच्या पोटातच होतं. लॅपटॉपला थेट लागतो. कंट्रोलरच्या माइकच्या भोकात तो कधीच लागणार नाही, कोणत्याही कन्व्हर्टरने नाही. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याने खुशाल वापरावा.

गायक गायब होण्याची गोष्ट

आता ती चूक, जी मी स्वतः केली आणि तास घालवला. कंट्रोलरच्या आरसीएतून गाणं पेटीत न्यायला मी घरात पडलेली केबल घेतली: एका बाजूला लाल-पांढऱ्या दोन पिना, दुसऱ्या बाजूला एक स्टिरिओ जाड पिन. ती पेटीच्या एका भोकात बसली. गाणं सुरू झालं. तबला लांबून, कोरस आणि झांजा स्वच्छ, आणि गायिका गायब. बेसही गायब. मला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कराओके चालू केलं.

झालं होतं असं. पेटीचं ते भोक बॅलन्स्ड असतं, म्हणजे पिनेच्या टोकावरच्या सिग्नलातून मधल्या कड्यावरचा सिग्नल वजा करणारं. फॅन्टमच्या वेळी आपण पाहिलं की आवाज दोन तारांच्या फरकात असतो, तेच हे. मी टोकावर डावा आणि कड्यावर उजवा दिला. पेटीने इमानेइतबारे डाव्यातून उजवा वजा केला. गायकाचा आवाज, बेस, मुख्य ठेका हे मिक्स करताना मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्यात सारखेच ठेवतात. सारख्यातून सारखं गेलं, उरलं शून्य. कडेची वाद्यं तेवढी वाचली.

म्हणून आरसीएपासून पेटीपर्यंत दोन वेगळ्या मोनो पिनांची केबल घ्या, डावा एका भोकात, उजवा दुसऱ्यात. पेटीवर 'इन्स्ट' असं बटण असेल तर ते बंद, कारण ते गिटारसाठी आहे. आणि एखाद्या मोठ्या डीजे मिक्सरचं मास्टर कॅननमधून बाहेर येत असेल तर ते पेटीच्या फॅन्टम चालू असलेल्या कॅनन भोकात घालू नका. बऱ्याच पेट्यांत एकच ४८ व्होल्टचं बटण दोन्ही भोकांना लागू असतं. बाहेर आवाज सोडणाऱ्या यंत्राच्या तोंडात उलटे ४८ व्होल्ट गेले तर ते बिघडू शकतं.

याचाच धाकटा भाऊ: माइक पहिल्या भोकात लावला की ऐकणाऱ्याला तो फक्त डाव्या कानात ऐकू येतो. पेटी पहिल्या भोकाला डावा समजते, तिला काय माहीत तिथे माइक आहे. ओबीएसच्या 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये त्या सोर्ससमोर (ओबीएसमध्ये येणारा प्रत्येक आवाज किंवा चित्र म्हणजे एक सोर्स) 'मोनो'ची चौकट आहे, तिच्यावर खूण करा. फक्त माइकच्या सोर्सला. गाण्याच्या सोर्सला नाही.

जोडण्याचा क्रम साधा. स्पीकर आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) शून्यावर, माइक जोडा, मग ४८ व्होल्ट चालू करा, थोडं थांबा, मग गेन हळूहळू वर. काढताना उलट: गेन खाली, ४८ बंद, अर्धा मिनिट थांबून पिन काढा. चालू फॅन्टमवर पिन ओढली की स्पीकरमधून जो 'धाड' आवाज येतो तो शेजाऱ्यांनाही कळतो. गेन किती? लाइव्हमध्ये जितक्या जोशात बोलता तितक्या जोशात बोला आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थडकेल असं ठेवा. बहुतेक जण टेस्टिंगला 'हॅलो चेक' पुटपुटतात आणि लाइव्हला ओरडतात, म्हणून आवाज फाटतो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा, सगळीकडे एकच ठेवा. ओबीएस ४८ किलोहर्ट्झवर असेल तर पेटीही ४८ वर.

आपल्याकडे डीजे म्हणजे भिंत

महाराष्ट्रात 'डीजे लावलाय' म्हणताना आपण माणसाबद्दल बोलत नाही, स्पीकरच्या भिंतीबद्दल बोलतो. ती सवय घरी येते. टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, पूर्ण आवाजात, आणि मधोमध कंडेन्सर माइक. हे जमत नाही, आणि यात माइकचा दोष नाही.

गाणं केबलमधून लाइव्हला एकदा जातं. तेच गाणं स्पीकरमधून निघून हवेतून माइकमध्ये शिरतं आणि दुसऱ्यांदा जातं, थोडं उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक मीटरला ३ मिलिसेकंद. दोन प्रती इतक्या जवळ असल्या की प्रतिध्वनी ऐकू येत नाही. त्याऐवजी काही सूर एकमेकांना मारतात आणि गाणं पिंपात वाजल्यासारखं पोकळ होतं. बोलणारा गप्प असतानाही. स्पीकरमध्ये माइकचाही आवाज सोडला असेल तर शिट्टी ठरलेलीच.

स्पष्ट सांगायचं तर स्पीकर मोठ्याने लावूनच वाजवायचं असेल, तर कंडेन्सर घेऊ नका. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक घ्या. तो कंट्रोलरला थेट लागतो, फॅन्टम नको, आणि लांबचं फारसं ऐकत नाही. कंडेन्सर शोभतो तो हेडफोनवर वाजवणाऱ्याला, शांत खोलीत.

तरी कंडेन्सरच वापरायचा तर माइक तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली आहे तिथेच राहते, तेव्हा गेन कमी करता येतो. याहून चांगला आणि याहून फुकट उपाय नाही. मधे पॉप फिल्टर हवा, नाहीतर 'प', 'फ' आणि 'भ' फुटतात. मराठीत महाप्राणांची कमी नाही. बहुतेक स्वस्त कंडेन्सर कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. तेव्हा छोटे मॉनिटर स्पीकर माइकच्या पाठीकडे येतील असं बसा. माइकची पुढची बाजू कोणती ते नीट बघा. उभ्या जाळीच्या माइकमध्ये बोलायचं ते बाजूने, टोकातून नाही. आणि स्टँड कंट्रोलरच्याच टेबलावर ठेवला तर जॉगव्हीलची, म्हणजे हाताने फिरवायच्या गोल चाकाची, प्रत्येक थाप माइकला धक्क्यासारखी पोचते. वेगळा स्टँड, किंवा निदान रबरी दोऱ्यांचा झोका. पंखा बंद करा. मे महिन्यात हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे.

ओबीएसमधले फिल्टर यानंतर. 'नॉइज सप्रेशन' माणसाचा आवाज ओळखून बाकीचं दाबतं, म्हणून ते फक्त माइकच्या सोर्सवर लावा. गाण्यावर लावलं तर त्याच्या लेखी ढोलकी म्हणजे गोंगाट, आणि तो ती खाऊन टाकतो. एजी०३ च्या खिचडीवर हा फिल्टर म्हणूनच लावता येत नाही. माइक आणि गाणं वेगळे सोर्स असतील तर एक छान गोष्ट करता येते: गाण्याच्या सोर्सवर 'कॉम्प्रेसर' लावा आणि त्यात 'साइडचेन' म्हणून माइक निवडा. तुम्ही बोललात की गाणं आपोआप खाली बसतं, थांबलात की वर येतं, रेडिओवर निवेदक बोलताना होतं तसं. पण माइकमध्ये गाणं शिरत असेल तर गाणंच गाण्याला दाबायला लागतं आणि आवाज धापा टाकतो. म्हणून आधी खोली, मग फिल्टर.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा का? इथे एक अडचण कुणी सांगत नाही: डीजेचा हेडफोन कंट्रोलरला असतो, कारण पुढचं गाणं तिथे ऐकायचं असतं, आणि माइक आहे पेटीत. एका डोक्याला दोन हेडफोन लागत नाहीत. ओबीएसमधून मॉनिटर चालू केला तर स्वतःचाच आवाज उशिरा येतो आणि जीभ अडखळते. मी तर सांगेन, एक कान उघडा ठेवा, स्वतःला तसंच ऐका, आणि आवाज कसा जातोय ते रेकॉर्डिंगवरून तपासा.

हम येत असेल, म्हणजे ५० हर्ट्झचा तो संथ गुंजारव, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. गुंजारव थांबला तर दोष अर्थिंगच्या दोन वाटांचा आहे. लॅपटॉप, पेटी, स्पीकर सगळं एकाच तीन पिनांच्या बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर आरसीएच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. हम जातो, पण माइकच्या जाळीला ओठ लागला की मुंग्या येतात, आणि कधी मुंग्यांवर थांबत नाही. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर माइक उघडा ठेवू नका. दमट हवेत पडदा चुरचुरायला लागतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शेवटचं काम टाळीचं. लाइव्ह न करता ओबीएसमध्ये एक मिनिट रेकॉर्ड करा आणि कॅमेऱ्यासमोर, माइकजवळ एक टाळी वाजवा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा: आवाज कुठे, हात कुठे. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. वेबकॅमचं चित्र बहुधा आवाजाच्या मागून येतं, तेव्हा तेवढे मिलिसेकंद ओबीएसच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये टाकून आवाज थांबवायचा. माइक आणि गाणं दोन्हींना सारखाच आकडा, नाहीतर दोघांची आपापसात फाटाफूट होते. सगळं एकाच पेटीतून आणलेलं असेल तर हा आकडा एकदा काढला की बदलत नाही.

भाच्याने माइक रिटर्न केला नाही. चार वाटांची पेटी घेतली, स्पीकर बंद करून हेडफोनवर आला. टाळीत चार फ्रेमचा फरक निघाला, १३३ टाकले. मागच्या शनिवारी मी इकडून ऐकत होतो. आवाज स्वच्छ, बोलला की गाणं अदबीने खाली बसत होतं. मधेच साइडचेन चालू होऊन गाणं तीनदा दबलं, तो तर काहीच बोलला नव्हता. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं. बहिणीला सांगितलंय, शनिवारी आठ ते दहा कुकर लावायचा नाही.